साऊथ कॅरोलिनातले अकरा आणि आमचे सात

आमच्या मंडळात एक रीत आहे. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने अमेरिकेत राहून जो परत येतो, त्याला एखाद्या रविवारी घडियाळी पोळातल्या हॉलमध्ये उभं करतात आणि ‘अमेरिकेतील माझे अनुभव’ यावर बोलायला लावतात. बडोद्यात आता असा घरटी एक माणूस सापडतो, त्यामुळे भाषणांना तोटा नाही. आणि सगळी भाषणं एकच. नायगाऱ्याचे फोटो. तिकडे कोणी हॉर्न वाजवत नाही. रस्त्यात कागदाचा कपटा दिसत नाही. अनोळखी माणूससुद्धा सकाळी हसून बघतो. मग शेवटी गळा दाटून आणायचा आणि म्हणायचं, तरी पण आपल्या बडोद्याची सर नाही. टाळ्या, चहा, शेव-उसळ, घरी.

यंदा पाळी माझी होती. नायगाऱ्याचं नावसुद्धा काढायचं नाही, हे मी विमानातच ठरवलं होतं.

मी विश्वंभर भामरे. मूळचा धुळ्याकडचा. उभा जन्म रिफायनरीत पाळ्या करण्यात गेला, आता बडोद्यातच वासण्याला राहतो. आमची मोहना साऊथ कॅरोलिनात असते, कोलंबियात. ती त्या राज्याची राजधानी. मोहना आणि जावई सकाळी कामाला गेले की मी आणि माझी बायको लीला खिडकीतून रिकामा रस्ता बघत बसायचो. पायी जाण्याजोगं एकच ठिकाण होतं, सार्वजनिक वाचनालय. लीलाने स्वेटर विणले, मी मांडीवर डिक्शनरी घेऊन त्या राज्याचा इतिहास वाचला. आणि वाचता वाचता माझं टाळकं सरकलं. अठराशे बत्तीस साली तिथे जी अध्यक्षपदाची निवडणूक झाली, तिच्यातली माणसं मला ओळखीची वाटायला लागली. मी त्यांना आमच्या मंडळात पाहिलं होतं.

आमचं मंडळ म्हणजे सात घराणी. कोणाचे पणजोबा संस्थानात सुभे, म्हणजे कलेक्टर, कोणाचे न्यायाधीश, कोणाचे शास्त्री. हे सात विश्वस्त. बाकी आम्ही, म्हणजे रिफायनरीवाले, रेल्वेवाले, खतांच्या आणि औषधांच्या कारखान्यातले, वर्गणी भरणारे आणि गणपतीत मांडव घालणारे, आम्ही साधारण सभासद. अध्यक्ष निवडायची वेळ आली की सातही जण हॉलमागच्या खोलीत जातात, आतून कडी लावतात आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन नाव सांगतात. ज्याचं नाव निघेल त्याने मंचावर येऊन सर्वांदेखत नारळ हातात घ्यायचा. नारळ हातात आला की झाला अध्यक्ष, तो जाईपर्यंत किंवा स्वतः सोडेपर्यंत. मतदान-बितदान काही नाही. मी दर वर्षीच्या सभेत उठून विचारतो, “आम्हाला मत का नाही?” आणि दर वर्षी मंचावरून उत्तर येतं, “भामरे, बसा खाली. आपल्यात निवडणुका नसतात. आपल्यात सामंजस्य असतं.”

इतकी वर्षं ही माझी खाज होती म्हणा हवं तर. यंदा मात्र गोष्ट खाजेची नव्हती. यंदा जिजाबाईंचं स्वयंपाकघर जाणार होतं.

जिजाबाई हॉलच्या मागच्या बाजूला पोळी-भाजीचं केंद्र चालवतात. नवरा रेल्वेत होता. तो गेला तेव्हा त्या वेळच्या अध्यक्षांनी ती पडून असलेली जागा त्यांना दिली. फतेगंजात खोल्या घेऊन राहणारी विद्यापीठाची पोरं, एकटे राहणारे कारखान्यातले लोक, ज्यांच्या सुना नोकरीला जातात असे म्हातारे, सगळ्यांकडे तिथून डबा जातो. हाताखाली चार बायका आहेत, त्यांचीही घरं त्यावरच चालतात. मंडळाने समाजासाठी काय केलं असं मला कोणी विचारलं तर मी ही एकच गोष्ट दाखवेन. म्हणून नेमकी तीच बंद करायची ठरली होती.

यंदा अध्यक्षपदाला दोन नावं होती, दोघंही सातांतलेच. एक विश्वासराव, विद्यापीठातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांना ती जागा पीयूषभाई नावाच्या केटररला द्यायची होती. दुसरे प्रतापसिंहराव, जमिनीच्या व्यवहारातले. त्यांना तिथे आपल्या मेव्हण्याचं कॉफीचं दुकान आणायचं होतं. दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. पण जिजाबाईंना बाहेर काढायचं, यात दोघांत काडीचा वाद नाही.

भाषणाच्या आदल्या दिवशी मी जिजाबाईंना जाऊन सांगितलं, “आम्हाला एकदा मत मिळालं की तुमचं स्वयंपाकघर कोणी हलवू शकत नाही. निम्मे सभासद तुमचं अन्न खातात.”

त्या परातीत कणीक तिंबत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “खाणारा मत देतो, हे कोणी सांगितलं तुम्हाला, भाऊ?”

“उद्या माझं भाषण ऐका. असं बोलतो की सगळा हॉल उठून उभा राहील.”

“राहील की. भाषणानंतर सभा, सभेनंतर जेवण. पानावर बसायला उठतीलच.”

असं बोलणाऱ्या बाईसाठी भांडायचं म्हणजे काय ते मलाच ठाऊक.

रविवारी हॉल भरला होता. विश्वस्तांची घरं खुर्च्यांवर, आम्ही सतरंजीवर. सतरंजी मीच सकाळी येऊन अंथरली होती. मी मंचावर गेलो आणि सरळ सुरुवात केली.

“मंडळी, साल अठराशे बत्तीस. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आहे.”

“फोटो नाहीत का?” पहिल्या ओळीतून सुनंदाबाईंनी विचारलं. या विश्वासरावांच्या पत्नी.

“अठराशे बत्तीसचे फोटो कुठून आणू, वहिनी?”

“त्याचे नाही हो. मोहनाच्या घराचे. बेसमेंट आहे ना तिला?”

“आहे. तर मंडळी, त्या काळात अमेरिकेतल्या बाकीच्या सगळ्या राज्यांत साधा माणूस अध्यक्षासाठी मत देऊ शकत होता. साधा म्हणजे गोरा आणि पुरुष. बायकांना कोणी विचारत नव्हतं आणि काळ्यांना जवळपास कुठेच नाही. पण साऊथ कॅरोलिनात त्या गोऱ्या शेतकऱ्यालाही अध्यक्षासाठी मत नव्हतं. तिथे विधिमंडळात मोठमोठे जमीनदार बसायचे आणि राज्याच्या वतीने तेच ठरवायचे. राज्यातली निम्म्याहून जास्त माणसं तर गुलाम होती. त्यांच्या घामावर ही मंडळी सभागृहात बसून स्वातंत्र्याच्या गप्पा मारायची.”

“अरे बापरे,” सतरंजीवरून कोणीतरी म्हणालं. मला हुरूप आला.

“आणि बाकीच्यांना काय सांगत होते? तुम्ही शेती बघा, राजकारण आम्ही बघतो. पिढ्यान् पिढ्या आमचीच घराणी हे करत आलीत. ऐकल्यासारखं वाटतं ना? आठवा जरा, कुठे ऐकलंय!”

कोणालाही काही आठवलं नाही. मागे एक गृहस्थ मोबाइलवर क्रिकेटचा स्कोर बघत होते. रेल्वेतले एक जण हात वर करून म्हणाले, “भामरेसाहेब, तिकडे तूरडाळ कशी पडते?”

“डाळीचं नंतर सांगतो.”

“मोहनाचं ग्रीन कार्ड झालं का?”

“नाही झालं. ऐका! त्या वर्षी देशात मोठे उमेदवार दोन. जॅक्सन आणि क्ले. या जमीनदारांना दोघंही नको होते. मग यांनी काय केलं? राज्याच्या वाट्याची अकराच्या अकरा मतं उचलून तिसऱ्याच माणसाला देऊन टाकली. जॉन फ्लॉइड त्याचं नाव. साऊथ कॅरोलिनाचासुद्धा नव्हता तो, व्हर्जिनियाचा गव्हर्नर. देशभरात दुसऱ्या एकाही राज्याने त्याला मत दिलं नाही. आणि जनतेला विचारलं का, बाबांनो, हा चालेल का? नाही विचारलं! कारण विचारायची पद्धतच नव्हती!”

माझा आवाज चढला होता. मी मूठ मंचावरच्या टेबलावर आपटली. तांब्याभांडं हललं. आता काहीतरी होणार असं मला वाटलं, आणि झालंही. विश्वासराव खुर्चीत पुढे सरकले आणि डोळे मिटून म्हणाले, “वा!”

“काय वा?”

“किती सुंदर तोडगा काढला हो! दोन नावांवर अडलं, तर वादाबाहेरचं तिसरं नाव. ना याची जीत, ना त्याची हार. सुसंस्कृत लोक असणार.”

“सुसंस्कृत? अहो, गुलाम विकायचे ते!”

“तो काळच तसा होता. पद्धत बघा ना, पद्धत.”

पलीकडच्या खुर्चीवरून प्रतापसिंहराव, जे विश्वासरावांच्या सावलीशीही बोलत नाहीत, तेसुद्धा मान डोलवत म्हणाले, “आपसात मारामारी नाही, कोर्टकचेरी नाही. आपल्याला शिकण्यासारखं आहे, भामरे. अभ्यास चांगला केलात.”

“अहो, मी उलटं सांगतोय! यात काय वाईट आहे ते सांगतोय मी!”

“वेळ झाली,” विश्वासरावांनी घंटी वाजवली. “भामरे यांनी अतिशय उद्बोधक माहिती दिली. टाळ्या.”

टाळ्या पडल्या. सुनंदाबाईंनी शेजारणीला, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने, सांगितलं, “सहा महिने राहिले आणि नायगारा नाही बघितला. पैसे वाचवले असतील.”

मी खाली येऊन लीलाशेजारी बसलो. ती विणकामाच्या सुया पिशवीत ठेवत म्हणाली, “मी तिथेच म्हटलं होतं, स्वेटर विणा. थंडीत कोणाच्या तरी उपयोगी पडला असता.”

मग सात जण खोलीत गेले. कडी लागली. आम्ही बसलो. आतून विश्वासराव-प्रतापसिंहरावांचं बोलणं वाढलेलं ऐकू येत होतं, मग एकदम शांत झालं, मग चक्क हसण्याचा आवाज आला. सात जण हसत बाहेर आले.

“सांगायला आनंद होतो,” विश्वासराव मंचावरून म्हणाले, “की आजच्या व्याख्यानातून प्रेरणा घेऊन आम्ही सर्वांना वंदनीय अशा एका नावावर आलो आहोत. माननीय बाळकृष्णपंत!”

मी डोक्याला हात लावला. माझ्या व्याख्यानातून प्रेरणा! चोराने देवळात कीर्तन ऐकावं आणि घरी जाऊन कीर्तनकाराचंच घर फोडावं, तसं झालं होतं.

बाळकृष्णपंत कोण, तेही सांगतो. सात घराण्यांपैकी एक, विश्वस्तांमधल्या एकाचे काका. नव्वदीला आलेले. आयुष्यभर जुन्या पोथ्यांचा अभ्यास केला. गुडघे गेल्यापासून वासण्याच्या फ्लॅटमधून खाली उतरलेले नाहीत. घडियाळी पोळातल्या आमच्या हॉलच्या लाकडी जिन्याचं नाव काढलं तरी त्यांना धाप लागत असेल. अध्यक्ष व्हा म्हणून त्यांना कोणी विचारलं नव्हतं. तो अमेरिकेतला फ्लॉइड निदान गव्हर्नर तरी होता, चालत-फिरत होता.

मी उठलो. “हरकत आहे!”

“आली का हरकत,” खुर्च्यांमधून कोणीतरी हसलं.

“आहेच! नारळ सर्वांदेखत हातात घ्यावा लागतो. पंत इथे नाहीत. पंतांना माहीतही नाही. जो माणूस हॉलमध्ये नाही त्याला अध्यक्ष करता येत नाही. ही तुमचीच रीत आहे, मी नाही आणली धुळ्याहून!”

“बसा, भामरे. जग कुठे गेलंय! व्हिडिओ कॉल करू,” विश्वासराव म्हणाले.

आणि प्रतापसिंहरावांनी खरंच फोन लावला. मंचावरच्या टेबलाला फोन टेकवला, त्याच्यासमोर नारळ ठेवला, माइक फोनच्या तोंडाशी धरला. पडद्यावर आधी एक कपाट दिसलं, मग छत, मग पंतांची सून राजेश्वरी. ती बँकेत नोकरी करते.

“काका, रविवारचं काय काम काढलंत?”

“पंतांना दे, बाळ. आनंदाची बातमी आहे.”

फोन फिरला. खाटेवर उशीला टेकून बसलेले पंत दिसले. गळ्यात मफलर, डोळे मात्र लख्ख.

“पंत, नमस्कार. मंडळाने आपल्याला अध्यक्ष निवडलंय. सातही जणांनी.”

पंतांनी मान फोनजवळ आणली. “मला कोणी विचारलं होतं का रे?”

“बघा!” मी ओरडलो. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

“आपला मान म्हणून, पंत. आपल्याला यायचं-जायचं काही नाही. सह्यांपुरतं आम्ही घरी येऊ.”

“सह्या कशावर?”

“असंच आपलं, किरकोळ. जागेचे करार वगैरे.”

पंतांनी मफलर सारखा केला. “त्या स्वयंपाकघराचा का? राजेश्वरी सांगत होती मला. विश्वास, तू ते कोणा केटररला देतोयस म्हणे.”

हॉलमध्ये जेवणाच्या वासाने चुळबुळ चालली होती, ती थांबली. विश्वासराव माइकपाशी वाकले. “ते आपण नंतर निवांत बोलू, पंत.”

“नंतर कशाला? मी तीन वर्षं जिजाबाईच्या पोळ्या खातोय. मला दात नाहीत. तिच्या पोळ्या मऊ असतात म्हणून दोन वेळा जेवतो तरी. तुझ्या पीयूषभाईचं पनीर मी कशाने चावू? अध्यक्ष मी होतो, माझी काही ना नाही. पण त्या स्वयंपाकघराच्या कागदावर माझी सही मिळणार नाही. चल, ठेवतो. राजेश्वरी, बंद कसा करायचा हा?”

पडद्यावर पुन्हा छत, कपाट, आणि मग काहीच नाही.

सातही जणांचे चेहरे बघण्यासारखे झाले. यांचे काका, यांचे स्नेही, दर दिवाळीला ज्यांच्या पाया पडायला हे जातात, ते माणूस दोन वेळा काय खातं आणि कुठलं खातं, हे सातांतल्या एकालाही माहीत नव्हतं. या लोकांना अन्न कुठून येतं हा प्रश्न कधी पडतच नाही. ताट समोर येतं, हे जेवतात. नाहीतर शहरातल्या सगळ्या वयोवृद्धांमधून नेमका जिजाबाईंच्या डब्यावर जगणारा म्हातारा यांनी शोधून काढला नसता.

मी वळून बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात जिजाबाई उभ्या होत्या, हातात झारा. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांच्याइतकं शांत त्या हॉलमध्ये कोणी नव्हतं.

आणि तेवढ्यात विश्वासराव मला म्हणाले, “भामरे, तुम्ही मगाशी काही मुद्दा मांडत होता.”

“कुठला?”

“नारळाचा. हातात घेतल्याशिवाय अध्यक्ष होत नाही, असं म्हणत होता ना? मला वाटतं, मुद्दा योग्य आहे. आपण रीत मोडता कामा नये. तुम्ही हरकत रीतसर मांडा. मी स्वतः पाठिंबा देतो.”

वीस वर्षांत पहिल्यांदा! वीस वर्षं “बसा खाली, बसा खाली” ऐकून घेतलेला माणूस मी, आणि आज मंचावरून मला आमंत्रण येत होतं की उठा, बोला, तुमचं खरं आहे. आणि माझं खरं होतंच की! मगाशीही होतं, आताही होतं. न विचारता, न सांगता, बंद खोलीतून आणलेला अध्यक्ष मला मान्य नव्हता. पण मी उठून ते म्हटलं असतं की निवड रद्द. सात जण पुन्हा आत. आता ते कितीही भांडले तरी दोघांतला एक घेऊनच बाहेर येणार होते, आणि दुसऱ्या दिवशी जिजाबाईंच्या शेगड्या रस्त्यावर.

लीलाने माझ्या शर्टाची बाही धरली. “आता तुम्ही गप्प बसलात तर मी तुम्हाला नायगारा दाखवीन, माझ्या बांगड्या मोडून.”

मी बाही सोडवून घेतली आणि उठलो.

“हरकत आहे,” मी म्हणालो.

“वा. नोंद घ्या,” विश्वासराव म्हणाले.

“नीट नोंद घ्या. माझी हरकत पंतांवर नाही. माझी हरकत तुमच्या सातांवर आहे. तुमच्या त्या खोलीवर, त्या कडीवर. इथे सतरंजीवर बसलेल्या प्रत्येकाला मत असलं पाहिजे, ही माझी हरकत आहे. याला पाठिंबा देता का, विश्वासराव? देत असाल तर नारळाचंही बोलतो. आधी हे, मग ते.”

विश्वासरावांनी चष्मा काढला, पुसला, घातला. “हा विषय कार्यक्रमपत्रिकेत नाही.”

“मग नारळाचाही नाही.”

“भामरे, तुम्ही मुद्द्यावर...”

“मी मुद्द्यावरच आहे! कधी नव्हे तो तुम्ही मुद्द्यावर आलाय, म्हणून विचारतो. देता पाठिंबा?”

मी सतरंजीकडे वळलो. “आणि तुम्ही? कोणाला मत हवंय का? हात वर करा!”

खरं सांगतो, हॉलमध्ये एक हात वर झाला नाही. तूरडाळ विचारणारे माझ्याकडे बघून कसंनुसं हसले. कोणी घड्याळात बघितलं, कोणी जमिनीकडे. मला कळेना, या लोकांवर चिडू की विश्वासरावांवर, की अठराशे बत्तीसच्या त्या जमीनदारांवर, जे मेले तरी सुटत नाहीत.

सुटका केली ती प्रतापसिंहरावांनी. मनात काय होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. मेव्हण्याचं दुकान नाही झालं तरी चालेल, पण विश्वासरावांचा केटरर येता कामा नये. त्यांनी नारळ उचलला आणि म्हणाले, “उगीच वेळ कशाला घालवता? मी आत्ता गाडीने वासण्याला जातो आणि पंतांच्या हातात नारळ देऊन येतो. दोन जण साक्षीला चला. झालं समाधान? कोणाला वांधा?”

कोणालाही वांधा नव्हता. विश्वासराव एकटे पडले होते. सभा संपली.

मी तडक स्वयंपाकघरात गेलो. चार बायका पुऱ्या तळत होत्या, धूर कोंदला होता. जिजाबाई मठ्ठ्यात मीठ घालून चव बघत होत्या.

“बघितलंत?” मी म्हणालो. “एक हात वर झाला नाही!”

“बघितलं.”

“तुमचाही नाही!”

“माझ्या हातात झारा होता.”

“चेष्टा करू नका, जिजाबाई. तुम्ही तिथे दारात उभ्या होतात. तुम्ही हात वर केला असता तर चार जणांनी केला असता.”

त्यांनी पळी खाली ठेवली. “भाऊ, तुमचं बरोबर होतं. मगाशीही बरोबर होतं. पण तुमच्या बरोबर असण्याचं भाडं मी भरायचं का? या चौघींनी भरायचं? आज मत मागत बसले असते तर उद्या चूल कुठे मांडली असती, ते त्या तुमच्या कॅरोलिनावाल्यांनी सांगितलं असतं का?”

“चूल राहिली ती पंतांच्या कवळीमुळे!”

“कवळी नाही त्यांना. दातच नाहीत.”

“पंत नव्वदीचे आहेत, जिजाबाई! किती वर्षं धरता तुम्ही? दोन? तीन? ते गेले की हे सात पुन्हा त्याच खोलीत जाणार, आणि या वेळी नाव निवडताना आधी विचारतील, डबा कुठून येतो तुमचा म्हणून. एवढं तरी शिकलेच असतील ते आज. मग काय कराल?”

बोललो आणि जीभ चावली नाही. कोणीतरी बोलायलाच हवं होतं. पुऱ्या तळणारीचा हात थांबला. जिजाबाईंनी पदराने कपाळ पुसलं.

“मग मत लागेल,” त्या म्हणाल्या.

“तेच मी कधीपासून...”

“ओरडू नका. इथे ओरडून उपयोग नाही, तेलाचा आवाज मोठा आहे.” त्या पुन्हा पळीकडे वळल्या. “पंत आहेत तोवर मी काही बोलणार नाही. आणि तुम्हीही बोलू नका. दारोदार डबे जातात, माणसं ओळखीची आहेत. एकेकाला सवडीने विचारीन. तुमच्यासारखं मंचावरून नाही.”

“आणि तोवर?”

“तोवर पंतांना जपायचं.” मग त्या हाताखालच्या बाईला म्हणाल्या, “वासण्याच्या डब्याला उद्यापासून साजूक तूप लाव गं. आणि भाजी आळणी दे, त्यांना रक्तदाब आहे. राजेश्वरीला फोन करून विचार, गोळ्या वेळेवर घेतात ना.”

मी कपाळावर हात मारून घेतला. एका म्हाताऱ्याच्या रक्तदाबावर एवढ्या माणसांचं जेवण लटकवून ठेवलंय, आणि याला हे लोक मंडळ म्हणतात, परंपरा म्हणतात, आणि सामंजस्य म्हणतात. मला अजून पुष्कळ बोलायचं होतं. पण बाहेर पंगत बसली होती, खुर्च्यांवरची मंडळी पहिल्या पंगतीला, आणि वाढायला कोणीच उठत नव्हतं. मी बाह्या वर केल्या आणि मसालेभाताचं पातेलं उचललं.